निसर्ग, वय आणि वाचक : वर्ड्‌स्वर्थच्या एका कवितेचे चार आस्वाद

एकाच कवितेचा भिन्न वाचकांना भिन्न प्रत्यय येतो, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. मात्र ही भिन्नता केवळ वाचकांच्या अभिरुचीतून उद्भवते की तिचे मूळ कवितेच्या घडणीतही असते, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. विल्यम वर्ड्‌स्वर्थ (१७७०-१८५०) यांची ‘इम्मॉर्टॅलिटी ओड’ या नावाने ओळखली जाणारी कविता या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. निसर्ग आणि वाढते वय यांचा संबंध हाच तिचा विषय आहे.

कवितेचा आरंभ २७ मार्च १८०२ रोजी झाला. त्या वेळी कवीला बत्तीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे येथील व्यथा वार्धक्याची नसून प्रौढत्वाची आहे. बालपणी साऱ्या सृष्टीवर दिसणारे तेज आता दिसत नाही, ते कोठे गेले, या प्रश्नापाशी पहिली चार कडवी थांबतात. उरलेली सात कडवी १८०४ मध्ये पूर्ण झाली आणि १८०७ मध्ये कविता प्रसिद्ध झाली. उत्तरार्धात कवी प्रथम त्या हानीचे कारण सांगतो : आत्मा जन्मापूर्वी दिव्य लोकात असतो आणि वयाबरोबर त्याची स्मृती मावळत जाते. त्यानंतर तो हानीची भरपाई शोधतो, आणि ती त्याला मानवी दुःखाच्या जाणिवेतून येणाऱ्या चिंतनशीलतेत सापडते.

कोलरिज यांनी १८१७ मध्ये ‘बायोग्राफिया लिटरारिया’त या कवितेतील बालकाच्या गौरवावर आक्षेप घेतला. लहान मुलाला श्रेष्ठ तत्त्वज्ञ म्हणावयाचे, तर तोच न्याय मधमाशीला किंवा कुत्र्याला का लावू नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. बालकाच्या मनातील थडग्याच्या कल्पनेविषयीच्या ओळीही त्यांना खटकल्या. १८२० च्या आवृत्तीपासून त्या ओळी कवितेत आढळत नाहीत. वाचकाच्या प्रतिसादाने येथे संहितेतच बदल घडविला.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी वर्ड्‌स्वर्थचे काव्य १८२८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, खोल मानसिक अवसादाच्या काळात वाचले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी या कवितेतील तत्त्वज्ञान सदोष ठरविले. तरीही तारुण्यातील आनंदाचा पहिला टवटवीतपणा टिकत नाही, हा आपलाच अनुभव कवीलाही आला होता आणि त्याने त्याची भरपाई शोधली होती, या जाणिवेने त्यांना आधार दिला. याउलट मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८७९ च्या प्रस्तावनेत मूळ अनुभवाच्या व्यापकतेविषयीच शंका घेतली. अनेकांच्या ठिकाणी निसर्गप्रेम दहाव्या वर्षी जवळजवळ नसते आणि तिसाव्या वर्षी प्रबळ असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. पुढे लायोनेल ट्रिलिंग यांनी १९४१ च्या निबंधात, ही कविता ओसरत्या काव्यशक्तीचा विलाप होय, हे रूढ मत नाकारले. त्यांच्या मते ती माणसाच्या प्रौढ होण्याची कविता आहे.

हे चार वाचक परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्यांच्या विवेचनाचे विषयच वेगळे आहेत. पहिल्या चार कडव्यांत बोलणारा प्रामुख्याने ‘मी’ आहे. पाचव्या कडव्यापासून, म्हणजे लेखनात खंड पडल्यानंतर, तो ‘आपण’ होतो. एका व्यक्तीचा अनुभव तेथे मानवजातीविषयीचे विधान बनतो. आर्नल्ड आणि कोलरिज यांचा वाद या ‘आपण’शी आहे, मिल यांनी ‘मी’चा स्वीकार केला आणि त्याचे स्पष्टीकरण बाजूला ठेवले. ट्रिलिंग यांनी मात्र ‘मी’पासून ‘आपण’पर्यंतचा प्रवास हाच कवितेचा आशय मानला.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक भेद संभवतो. जन्मपूर्व अस्तित्वाची कल्पना इंग्रजी वाचकाला धर्ममताशी विसंगत वाटू शकते, म्हणून कवीला १८४३ मध्ये तिच्याविषयी खुलासा करावा लागला. मराठी वाचकाला ती परिचित वाटेल. रम्य दृश्य पाहताना जन्मांतरीच्या सौहृदाची आठवण होते, हा ‘शाकुंतला’तील विचार त्याला स्मरेल. पण हे साम्य फसवे आहे. आपल्याकडील पूर्वजन्म म्हणजे संस्कारांनी भरलेले दुसरे आयुष्य. वर्ड्‌स्वर्थचे जन्मपूर्व स्थान म्हणजे निष्कलंक तेजाचे घर. कालिदासाच्या विचारात सौंदर्य पूर्वस्मृती जागविते, तर येथे ती स्मृती हरपल्यामुळे सौंदर्य उणे भासते.

मग आर्नल्ड यांच्यासारखा, निसर्गाचे प्रेम उशिरा जागे झालेला वाचक या कवितेचा सहृदय होऊ शकत नाही काय? येथे साधारणीकरण होते ते निसर्गप्रेमाच्या वयोमानाचे नव्हे. पूर्वी जसे दिसत होते तसे आता दिसत नाही, तरी पाहणे थांबलेले नाही, या स्थितीचे ते असते. म्हणूनच शेवटच्या कडव्यात ‘मी’ पुन्हा पुढे येतो आणि साध्या फुलाविषयीचा अनुभव केवळ स्वतःपुरता सांगतो. आर्नल्ड यांचा आक्षेप मधल्या कडव्यांना बाधक ठरतो. या समारोपाला तो स्पर्श करीत नाही. वाचकांच्या प्रतिसादांतील भिन्नतेचे मूळ अशा प्रकारे संहितेतील सर्वनामांच्या पालटातही आहे. वाचकाचे वय आणि अनुभव यांमुळे त्या पालटाच्या अलीकडे थांबावे की पलीकडे जावे, एवढेच ठरते.