सायकलचा ब्रेक : एक वस्तुपाठ

उताराच्या वाटेने सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलाचा जीव ब्रेकच्या चार रबरी तुकड्यांवर अवलंबून असतो. म्हणून हा पाठ फळ्यावर न देता सायकल अंगणात उभी करूनच द्यावा.

प्रथम सायकल हाताने पुढे ढकलीत मागील ब्रेक दाबावा. चाक न फिरता घसटत गेले पाहिजे. मग पुढील ब्रेक दाबावा. मागील चाक जमिनीवरून उचलले पाहिजे. तसे न झाल्यास मुले लगेच पाना मागतात. तो तूर्त देऊ नये. आधी कारण शोधावयास लावावे. मूठ हँडलला टेकत असेल, तर रबर झिजलेले असते किंवा दांडीचा नट सैल झालेला असतो. परंतु मूठ घट्ट असूनही चाक थांबत नसेल, तर बहुधा रिमवर तेल उडालेले असते. घर्षणच कमी झाल्यावर नट आवळून काय साधणार? रिम साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावी, गुळगुळीत झालेले रबर काचकागदाने खरवडावे. धातू उघडा पडलेले रबर मात्र बदलावेच.

शेवटी शिक्षकांनी सपाट मैदानावर सावकाश सायकल चालवून, रिम कोरडी असताना व ओली असताना थांबण्यास लागणारे अंतर मुलांकडून पावलांनी मोजवून घ्यावे.