जुनी गाडी चालू होते अन् लगेच बंद पडते? पंप उतरवायच्या आधी हे तपासा



आजचा मेसेज पिकाचा नाही, पण पिकाच्या पैशाचा आहे. माल वाहायला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जुनी डिझेल पिकअप किंवा कार घेतली आहे. आपल्या एका सभासदाने पहाटे टोमॅटोचे क्रेट भरले, सेल्फ मारला. गाडी चालू झाली, आठ-दहा सेकंद चालली अन् बंद. पुन्हा तेच. त्या दिवशीचा बाजार हुकला. गॅरेजवर सांगितलं, "पंप गेलाय, उतरवावा लागेल." दुसऱ्या मिस्त्रीने पाहिलं तर डिझेल फिल्टरचं रबरी सील चिरलेलं निघालं. पंप ठणठणीत होता.

*असं का होतं?*
चालू होण्यापुरतं डिझेल फिल्टरमध्ये अन् पंपात शिल्लक असतं. ते संपलं की टाकीतून नवीन यायला हवं. ते आलं नाही, किंवा डिझेलऐवजी हवा आली, की इंजिन आचके देऊन बंद पडतं. म्हणजे गाडी एकदा चालू होते याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर बहुतेक ठीक आहेत. उगाच नवीन बॅटरी घेऊ नका.

*आधी नीट बघा: बंद कशी पडते?*

१) एक-दोन सेकंदांत, दरवेळी सारखीच बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो: गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा.

२) सेल्फ मारताना चालू होते, चावी सोडली की त्याच क्षणी बंद: चावीचा स्विच किंवा वायरिंग तपासायला सांगा.

३) पाच-दहा सेकंद चालते, आचके देते, मग बंद. पुन्हा बराच वेळ सेल्फ मारावा लागतो: डिझेल पोचत नाही किंवा लाइनने एअर धरली आहे. जुन्या डिझेल गाडीत हे फार आढळतं.

४) पेट्रोल गाडी, रेस दिली की चालते, पाय काढला की बंद: थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल किंवा हवेचा पाइप कुठे तरी सुटला असेल.

*तिसरा प्रकार असेल तर या क्रमाने जा*

👉 टाकीत डिझेल किती आहे? जुन्या गाडीच्या काट्यावर भरवसा ठेवू नका.

👉 फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा, दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, स्क्रू पक्का बसवा. बॅरलमधलं डिझेल वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात हे आवर्जून करावं.

👉 फिल्टर शेवटचा कधी बदलला माहीत नसेल तर बदलून टाका. पंपाच्या मानाने तो फार स्वस्त आहे. नवीन फिल्टरसोबत सीलही नवीनच बसवा.

👉 फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मग गाडी चालू करा. दिवसभर नीट चालली अन् दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच त्रास झाला, तर समजा कुठून तरी हवा शिरते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं.

👉 रबरी पाइपला चिरा, सैल क्लिप, फिल्टरची सीलं बघा. खाली डिझेल टपकत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढणीचा असेल तर छोट्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

👉 तरी सापडलं नाही तर मिस्त्रीला फिल्टर ते पंप या भागात थोडा वेळ पारदर्शक पाइप लावायला सांगा. बुडबुडे दिसले तर हवा येतेच आहे. *पंप उतरवायला होकार देण्याआधी ही तपासणी मागा.*

*⚠️ हे करू नका*

❌ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापेल.
❌ डिझेलशिवाय पुन्हा पुन्हा फिरवू नका. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.
❌ हवेच्या पाइपात पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका. भडका उडू शकतो.
❌ कॉमन रेल गाडीचे इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप घरी सोडू नका. त्यात १००० बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, डिझेलची धार कातडीत घुसते.
❌ बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासू नका. धूर जीवघेणा असतो. हॅण्डब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा.

*जुनी गाडी घ्यायला जाताय?*
सकाळी लवकर जा. आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी तुमच्या आधीच चालू करून ठेवलेली आहे. त्या दिवशी सौदा करू नका, इंजिन थंड असताना पुन्हा जा. थंड गाडी तुमच्या हाताने चालू करा, रेस न देता पाच मिनिटं चालू द्या. दोन्ही चाव्या मागून घ्या आणि दोन्हींनी गाडी चालू करून बघा. असले दोष गरम इंजिनात लपतात, थंड इंजिनात उघडे पडतात.

शेवटचं: माल भरायच्या आदल्या संध्याकाळी गाडी एकदा चालू करून बघा. बिघाड असेल तर रात्रीतून दुसऱ्या गाडीची सोय करता येते. पहाटे चारला काही करता येत नाही.

मेसेज सेव्ह करून ठेवा. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना पाठवा. तुमच्या गाडीचा त्रास वेगळा असेल तर *किती सेकंदांनी, कशी बंद पडते* त्याचा छोटा व्हिडिओ काढा अन् मिस्त्रीला दाखवा. निम्मं निदान त्यातच होतं.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱