धंद्याच्या गाडीचं इंजिन ऑइल कधी बदलायचं?



दूध, भाजीपाला, पाण्याचे जार, केटरिंग... धंदा कोणताही असो, माल पोहोचवणारी गाडी ही तुमची मशीनच आहे. ती बंद पडली की त्या दिवसाचा गल्ला बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालूच! म्हणून आज बोलूया इंजिन ऑइलबद्दल.

सरळ उत्तर

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने. जो आधी पूर्ण होईल, तेव्हा ऑइल बदलायचं. पण बऱ्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा आकडा दिलेला असतो. धंद्याची गाडी बऱ्याचदा त्यातच मोडते. स्वतःच तपासा:

• दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, मध्ये गाडी बंद. इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही.
• ट्रॅफिकमध्ये किंवा माल उतरवताना इंजिन चालूच. किलोमीटरचा काटा हलत नाही, ऑइल मात्र खराब होत राहतं.
• रोज भरलेली गाडी, घाटरस्ता. इंजिन जास्त तापतं.
• मातीचा रस्ता, बांधकामाची साइट. धूळ आत जाते.

यातलं एकही रोजचं असेल, तर खडतर वापराचा आकडा धरा.

आता हिशोब करू

उदाहरण म्हणून समजा, ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून 2000 रुपये लागतात. 10,000 किलोमीटरला बदललं तर किलोमीटरला 20 पैसे. 7,500 ला बदललं तर साधारण 27 पैसे. महिन्याला 2000 किलोमीटर गाडी फिरत असेल, तर फरक किती? सुमारे 133 रुपये! याउलट इंजिन खोलायची वेळ आली तर खर्च हजारांत जातो. वर गाडी गॅरेजमध्ये, तुम्ही भाड्याच्या टेम्पोवर, आणि उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे. आता सांगा, बचत कशात आहे?

तीन गैरसमज

1. "ऑइल काळं झालं, म्हणजे संपलं." डिझेल गाडीत नवं ऑइलही लवकर काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे. रंगावर नाही, आकड्यावर चाला. मात्र ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. लगेच मेकॅनिकला दाखवा.

2. "वरून थोडं टाकलं, झालं काम." टॉप-अपने पातळी भरते, जुनं ऑइल नवं होत नाही. बदलायची तारीख तीच राहते.

3. "कुठलंही ऑइल चालतं." मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घ्या. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो.

जनरेटर असेल तर?

तिथे किलोमीटर नाही, तास मोजायचे. छोट्या पेट्रोल जनरेटरला साधारणपणे पहिल्या 20 तासांनंतर आणि पुढे दर 100 तासांनी ऑइल बदलतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडा बघून घ्या.

आजचा गृहपाठ

एक 20 रुपयांची वही घ्या. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, खर्च आणि पुढचं ऑइल कधी, असे पाच रकाने आखा. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे डिपस्टिक बघा. ड्रायव्हर ठेवला असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, पण वहीवर सही तुमची. ऑइलचे पैसे दर महिन्याला बाजूला काढा, म्हणजे "या महिन्यात जमत नाही" असं म्हणायची वेळ येणार नाही. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. तो घातक कचरा आहे, अधिकृत संकलकाकडेच जायला हवा.

गल्ल्याचा हिशोब रोज लिहिता ना? मग गल्ला भरणाऱ्या गाडीचाही लिहा.