रक्तातील रखवालदार

बल्लारपूर हे वर्धा नदीच्या काठचे गाव. तेथून पूर्वेकडे निघाले, की गडचिरोली जिल्ह्याचे अफाट अरण्य लागते. पावसाळ्यात तेथे डबकी साचतात, ॲनॉफिलिस जातीचे डास वाढतात आणि खेड्यापाड्यांत हिवताप शिरतो. महाराष्ट्रात हिवतापाचा उपद्रव ज्या भागांत अधिक, त्यांत गडचिरोली जिल्ह्याची गणना होते.

वास्तविक, शरीराचे रखवालदार रक्तातच असतात. त्यांचे कार्य मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओळखले. १८८२ साली इटलीतील मेसिना शहरी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काय, फिरत्या पेशींनी काट्यांना गराडा घातलेला! आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशीही असेच करतात. जंतू भेटताच त्या आपले अंग पसरून त्याला वेढतात, पोटात घेतात आणि पाचक रसांनी जिरवून टाकतात. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल १९०८ साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हिवतापाचा परजीवी मोठा धूर्त! डासाच्या दंशाबरोबर तो रक्तात उतरतो आणि थोड्याच वेळात यकृताच्या पेशींत दडतो. तेथे हजारोंच्या संख्येने वाढून तो रक्तातील तांबड्या पेशींत घुसतो. चोर घरच्याच माणसाच्या वेषात वावरू लागला, तर रखवालदाराने त्याला ओळखावे कसे?

तरीही शरीर हार मानीत नाही. प्लीहा ही जणू रक्ताची चाळणी. बिघडलेल्या तांबड्या पेशी तेथे अडकतात व भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. हे टाळण्यासाठी फाल्सिपेरम जातीचा परजीवी आपली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून ठेवतो. मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या अशा पेशींनी तुंबल्या, तर रोगी बेशुद्ध होतो; त्याच्या जिवावरही बेतते. शरीर परजीवीची खूण ओळखू लागते, तोच तो ती खूण बदलतो. व्हायवॅक्स जातीचा परजीवी तर यकृतात महिनोन्महिने निपचित पडून राहतो आणि पुन्हा उठतो.

म्हणून ताप उतरला म्हणजे रोग गेला, असे समजणे धोक्याचे आहे. ताप येताच रक्त तपासून घ्यावे आणि सांगितले तितके दिवस औषध पुरे करावे. रात्री मच्छरदाणीत निजावे व घराजवळ पाणी साचू देऊ नये. रखवालदार कितीही शूर असले, तरी दार उघडे टाकून निजणे शहाणपणाचे नव्हे.