सुकाणू, शिसे आणि फडफड



रुवीतल्या बँकांच्या उंच इमारतींजवळून आपण नेहमी जातो-येतो. त्या भागात एके काळी विमाने उतरत असत, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बैत अल फलज किल्ल्याजवळची ती धावपट्टी म्हणजेच मस्कतचा विमानतळ होता. १९७३ साली सीबचा विमानतळ सुरू झाला आणि रुवीतला बंद पडला.

भोवती डोंगर आणि मध्ये छोटी सपाट जागा. अशा ठिकाणी बाजूचा वारा आला की विमानाचे नाक भलतीकडे वळू पाहते. ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिक पायाने पेडल दाबतो आणि शेपटीवरच्या उभ्या पात्याचा मागचा भाग डावी-उजवीकडे वळतो. हे विमानाचे सुकाणू. (विमान वळते ते मुख्यतः पंख तिरके करून. सुकाणूचे काम नाक सांभाळण्याचे. आमचाही कॉलेजात जाईपर्यंत उलटाच समज होता.) शाळेत अरबी शिकणाऱ्यांना 'सुक्कान' हा शब्द ओळखीचा वाटेल. नावेच्या सुकाणूसाठीचा तोच शब्द आपल्या मराठीत येऊन राहिला आहे.

मोठ्या विमानाचे सुकाणू कसे असावे हे कंपनीतले अनेक अभियंते मिळून ठरवतात. पण घरी विमान बांधणारी माणसेही जगात आहेत, आणि त्यांपैकी एक आपले मुंबईकर आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बातम्यांमध्ये गच्ची आणि परवानग्या यांवरच सारा भर होता. आमच्या मनात मात्र वेगळा प्रश्न आला. स्वतः बांधलेल्या विमानात स्वतः बसायचे, तर सर्वांत जास्त धास्ती कशाची घ्यावी? इंजिन बंद पडण्याची, असे मुले म्हणाली. पण इंजिन बंद पडले तरी विमान तरंगत खाली येते, मोकळी जागा शोधायला थोडा वेळ मिळतो. शेपटी फडफडू लागली तर तेवढाही वेळ मिळत नाही.

फडफड म्हणजे काय ते नीट पाहू. सुकाणू बिजागरीवर टांगलेले असते आणि त्याचे बहुतेक वजन बिजागरीच्या मागे असते. समजा, वाऱ्याच्या झोताने शेपटी एकदम उजवीकडे सरकली. बस झटक्यात उजवीकडे वळली की आपण डावीकडे झुकतो, तसे सुकाणूचे मागचे टोक डावीकडे राहते. सुकाणू डावीकडे वळले की हवा शेपटीला उजवीकडे ढकलते. म्हणजे शेपटी जिकडे निघाली होती, तिकडेच तिला आणखी एक धक्का! शेपटी थोडी लवचीक असते, ती परत डावीकडे येते. आता सुकाणू उजवीकडे मागे राहते आणि धक्का डावीकडे बसतो. झोपाळ्याला कोणी बरोबर वेळ साधून ढकलत राहावे, तसे हे चालते. वेग कमी असेल तर हवाच हे हेलकावे शमवते. एका विशिष्ट वेगापुढे मात्र शमवण्यापेक्षा ढकलणे जास्त होते, आणि मग काही सेकंदांत शेपटी तुटू शकते.

हा रोग जुना आहे. १९१६ साली इंग्लंडमध्ये हँडली पेज कंपनीच्या बाँबफेकी विमानाची शेपटी अशीच जोरात थरथरू लागली होती. तेव्हा फडफडीचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास झाला.

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. बिजागरीच्या पुढे वजन लावायचे. मग शेपटी सरकली तरी सुकाणूचे मागचे टोक मागे रेंगाळत नाही. म्हणूनच अनेक छोट्या विमानांच्या सुकाणूचा वरचा भाग बिजागरीच्या पुढे आलेला दिसतो. त्याच्या आत शिसे भरलेले असते.

हे आम्ही वर्गात करून पाहिले. एका पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेपासून चौथ्या हिश्श्यावर विणायची सुई चिकटपट्टीने बसवली. ही झाली बिजागरी. सुई दोन पुस्तकांवर आडवी टेकवली, तर पुठ्ठ्याची मागची कड धपकन खाली गेली. मग पुढच्या कडेला ५० बैसांची नाणी चिकटवली. एकाने भागले नाही, दुसऱ्याने पुठ्ठा आडवा राहिला. टाळ्या झाल्या. नंतर मुलांनी हौसेने पुठ्ठ्याच्या मागच्या भागावर लाल आणि हिरवा रंग दिला, पुन्हा सुईवर ठेवला, आणि कड परत खाली! एक मुलगी म्हणाली, "काका, पण आपण तर फक्त रंगवलं!"

हेच तर शिकायचे होते. घरी विमान बांधणारेही असेच करतात: सुकाणू काढून बिजागरीवर आडवे धरतात आणि तोल पाहतात. पण हा तोल रंग दिल्यावर पाहायचा. पुढे कधी पोचा बुजवायला लांबी भरली, पुन्हा रंगवले, किंवा आत पावसाचे पाणी साचले, तरी तोल बिघडतो. बिजागरी ढिली झाली तरी धोका वाढतोच. आम्ही संगणकाच्या प्रणाली लिहून पोट भरतो. शेवटच्या दिवशी केलेला 'फक्त एका ओळीचा' बदल काय घोटाळा करतो, ते आम्हाला चांगले माहीत आहे. फरक इतकाच की आमची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.

आता निवडीकडे येऊ. अमेरिकेच्या व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-७ हे घरी बांधायचे लोकप्रिय विमान. त्याला सुरुवातीला आरव्ही-८चे लहान सुकाणू असे, नंतर आरव्ही-९चे मोठे देऊ लागले. विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागले, तर मोठे सुकाणू त्याला लवकर सावरते. मग मोठेच घ्यावे, असे कोणीही म्हणेल. पण मोठ्या सुकाणूचे मागचे वजन जास्त, म्हणून पुढे शिसेही जास्त लागते. शेपटीत भर पडली की साऱ्या विमानाचा तोल मागे सरकतो. झेनिथ कंपनीच्या काही छोट्या विमानांत तर स्थिर पातेच नसते, सगळा उभा भागच सुकाणू म्हणून वळतो. आमच्या मते यात सर्वांत उत्तम असे काही नाही. आराखडाकाराने ज्या शेपटीची चाचणी घेतली ती जशीच्या तशी बांधावी. एकाचे सुकाणू दुसऱ्याच्या शेपटीला जोडण्याची हौस नको.

तोल न साधल्याची किंमत काय असते? झेनिथच्याच सीएच ६०१ एक्सएल विमानाच्या पंखांवरचे हलते भाग, ज्यांना एलरॉन म्हणतात, तोललेले नव्हते. हवेतच मोडून पडण्याचे सहा अपघात झाले, दहा माणसे गेली. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने ही विमाने जमिनीवर ठेवावीत असे सुचवले आणि फडफडीकडे बोट दाखवले. नंतर एलरॉनला वजने लावली गेली, पंखही मजबूत करावे लागले.

मोठ्या मुलांसाठी एक गणित. आरव्ही-७ची कमाल वेगमर्यादा ताशी २३० मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर आहे. हा वेग हवेतला खरा वेग धरायचा. वेगमापक हवेच्या दाबावर चालतो आणि उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे तो कमी आकडा दाखवतो. जबल शम्सच्या माथ्याएवढ्या, म्हणजे सुमारे ३००० मीटर उंचीवर खरा वेग ३७० असताना काट्यावर साधारण ३१८च दिसतात. काट्याकडे पाहून "अजून पन्नास शिल्लक आहेत" म्हणणारा वैमानिक मर्यादेवर पोहोचलेला असतो. ओमानच्या उन्हाळ्यात हवा आणखी विरळ, म्हणजे काटा आणखी कमी दाखवणार.

गृहपाठ: पुठ्ठा तोलला तेव्हा रंग ओला होता, ही हरकत दोन मुलांनी घेतली आणि ती रास्त आहे. रंग वाळल्यावर पुठ्ठा पुन्हा सुईवर ठेवा. तो आडवा राहण्यासाठी पुढे आणखी किती बैसांचे नाणे लागले, ते वहीत लिहून पुढच्या वर्गाला आणा. नाणी आई-बाबांकडून मागून घ्या आणि परतही करा.