बोकडाचं हृदय कापून पाहा

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. मुलगी मान खाली घालून बसलेली असते आणि आई विचारते, ‘‘सर, एमबीबीएस हुकलं. आता बायॉलॉजीचं करायचं काय?’’ मी आधी मुलीलाच विचारतो, ‘‘हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड का असते?’’

धडा तोंडपाठ असूनही पुष्कळ मुलं इथे अडतात. मग मी सांगतो, मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणा, मधोमध आडवं कापा. घरी चालत नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघा. डावीकडची भिंत जाड, घट्ट. उजवीकडची पातळ, बोटाने सहज दबणारी. उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डावीला थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. हे पाहून ज्या मुलीचा चेहरा खुलतो, तिने या विषयाची वाट सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

वाटा खरंच बऱ्याच आहेत. नर्सिंग, फिजिओथेरपी, बी. फार्म. या सगळ्यांत शरीररचना आणि शरीरक्रिया पहिल्याच वर्षी शिकवतात. आयुर्वेदात त्यांनाच रचना शारीर, क्रिया शारीर म्हणतात. विषय तोच, पण हाताळणी वेगळी. मनगटातल्या आठ छोट्या हाडांचा अंदाज फिजिओथेरपिस्टला कातडीवरून, बोटांनी घ्यावा लागतो. अतिदक्षता विभागातली नर्स दर तासाला पेशंटची लघवी मोजते, कारण किडनीचा बिघाड तिथे लवकर दिसतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपीलाही नीटचेच गुण धरतात, बी. फार्म.साठी एमएचटी-सीईटी आहे. नियम बदलतात, म्हणून सीईटी सेलची यंदाचीच माहितीपुस्तिका वाचा.

आणखी एक, खास पालकांसाठी. एमबीबीएस असो वा बीएएमएस, पहिल्या वर्षी शवविच्छेदन असतं. फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो, जेवण जात नाही. टेबलावर कुणीतरी देहदान केलेला देह असतो, आणि मुलं त्याला पहिल्यांदा हात लावताना गप्प होतात. अशा वेळी फोनवर ‘‘तुला हे झेपणार नाही, परत ये,’’ असं म्हणू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग मुलीलाच विचारा.