चावी हातात घेण्याआधी

आमच्या इमारतीत पहिली घरफोडी झाली ती भर दुपारी. चोर सहाव्या मजल्यावर चढला, कुलूप तोडलं, कपाटातले दागिने काढले आणि जाताना गॅस सिलिंडरही खांद्यावर मारला. सिलिंडर घेऊन जिना उतरणाऱ्या त्या माणसाला वाटेत दोघीतिघींनी पाहिलं. एकीनेही हटकलं नाही. तो आपल्यातला की बाहेरचा, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

कुर्ल्याच्या आमच्या जुन्या वस्तीत गटार उघडं होतं, संडासाला रांग होती, पावसाळ्यात पाणी घरात यायचं. त्या दिवसांचं गुणगान मला करायचं नाही. पण गल्लीत अनोळखी पाऊल पडलं की दारात भाजी निवडणारी बाई विचारायची, "कोण पाहिजे?" नव्या इमारतीत घरं लॉट काढून वाटली गेली. एका गल्लीतली माणसं वेगवेगळ्या विंगांत गेली, वेगवेगळ्या मजल्यांवर. दारं बंद झाली आणि तो प्रश्न विचारणारं कुणी राहिलं नाही.

आमची इमारत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली. या योजनेची रचना 1995 पासूनची. रहिवाशाला घर मोफत, त्याच्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकाम. साहजिकच मोकळी जागा विक्रीच्या टॉवरच्या वाट्याला जाते आणि आमच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात. सभांमध्ये भांडण होतं ते क्षेत्रफळावर. घर 225 चौरस फुटांचं 269 झालं, आता 300 झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, पॅसेजमध्ये उजेड कुठून येणार, हे आमच्या एकाही सभेत निघालं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींमध्ये डॉक्टरांनी आणि आयआयटीच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. आमच्याकडे अशाच अंधाऱ्या कोपऱ्यांत संध्याकाळनंतर गर्दुल्ले बसू लागले. पोरींनी क्लासला जाणं सोडलं.

म्हणून ज्यांची योजना अजून कागदावर आहे, त्यांना सांगते. नमुना घराच्या टाइल्स बघू नका, अख्ख्या मजल्याचा नकाशा मागा. जिन्याला खिडकी आहे का, पॅसेजच्या टोकाला उजेड येतो का, गच्चीच्या दाराची चावी कुणाकडे राहणार, ते विचारा. लॉट गल्लीवार गट करून काढावा, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा. शेजार टिकला तर वॉचमन नसतानाही जिन्यावर लक्ष राहतं.

बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचं ऑफिस यांची तरतूद योजनेतच असते. आमच्याकडे या खोल्यांना कुलूप होतं, एकीत कुणाचा तरी माल भरलेला होता. पाठपुरावा करून ती खोली मोकळी करून घेतली. आता सकाळी तिथे बालवाडी भरते, संध्याकाळी बचत गट बसतो. जिन्याच्या तोंडाशीच माणसं बसलेली असल्याने गर्दुल्ले हलले. आमच्या इमारतीत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही, कॅमेऱ्यांनीही नाही. ते तर दुरुस्तीविना बंदच पडले.

बंद पडण्याचं कारण पैसा. वस्तीत लिफ्टचं बिल नव्हतं, पंपाचं नव्हतं. इथे थकबाकी वाढली की सगळ्यात आधी पॅसेजचे दिवे जातात, मग लिफ्ट. देखभालीसाठी विकासकाने घरामागे ठेव भरायची असते. ती किती, कुठे आहे आणि तिचं व्याज सोसायटीला मिळतं का, हे लेखी विचारा. थकबाकीदार शेजाऱ्याला बोलण्याआधी त्याचा धंदा नव्या जागेत चालतो का, तेही बघा. आमच्याकडच्या कित्येकींची घरकामं जुन्या वस्तीजवळच राहिली आणि बसभाड्यातच पगार जाऊ लागला.

भाड्याने दिलेल्या घरांची नोंद सोसायटीने ठेवावी, पोलीस पडताळणी करून घ्यावी. भाडेकरू गुन्हेगार असतात असं मुळीच नाही. त्यांचं नाव माहीत असलं की तेही जिन्यात कुणाला हटकतात, हा माझा अनुभव आहे.

घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे. आमच्या शेजारणीला पोलीस ठाण्यात आधी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून देत होते. आम्ही बायका तिथेच एकत्र बसून राहिलो तेव्हा एफआयआर झाला. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि हे सगळं मागायचं ते संमतीपत्रावर सही करण्याआधी. पूर्वी योजनेला 70 टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. तेवढ्या सह्या गोळा झाल्या की तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायची कुणाला गरज राहत नाही. नकाशा, लॉटची पद्धत, देखभालीची ठेव, बालवाडीची खोली, सगळं करारात लिहून घ्या.